लाल रेघा काळ्या करून दाखवल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

लाल-हिरव्याचा गोंधळ मला जन्मापासूनचा. त्यामुळे रंगांतला फरक कळावा म्हणून मिळणारी लाल कॉन्टॅक्ट लेन्स उजव्या डोळ्यात पहिल्यांदा घातली आणि झाडावरची पिकलेली फळं पानांतून वेगळी उठून दिसली, तेव्हा हरखून गेलो होतो. लेन्स उतरवावीशीच वाटेना. दुपारी तशीच ठेवून झोपायचो, कधी नळाच्या पाण्याखाली धरून परत घालायचो. विकणाऱ्याने रंगांचं बरंच काही सांगितलं होतं, डोळ्याचं काही नाही.

तुमच्याकडे आलो तो नंबर तपासायला. संध्याकाळी दिव्यांभोवती वलयं दिसतात, हे मी जाता जाता बोललो, आणि तुम्ही हातातला चार्ट बाजूला ठेवलात.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून तपासायच्या यंत्रावर, काढलेला फोटो तुम्ही पडद्यावर दाखवलात. "कडेने आत शिरलेल्या या लाल रेघा दिसतात?" नाही दिसल्या. कशा दिसणार! तुम्ही क्षणभर थांबलात, हसलात, यंत्राचा हिरवा फिल्टर सरकवून दुसरा फोटो काढलात. त्या प्रकाशात रक्तवाहिन्या काळ्या दिसतात. बुबुळाच्या कडेवरून आत आलेल्या, केसाएवढ्या, फाटे फुटलेल्या काळ्या रेघा. माझ्या डोळ्यातलं रक्त मला दिसेल अशा रंगात दाखवणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं.

मग तुम्ही जे समजावलंत ते आजही तसंच्या तसं आठवतं. दोष डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, रंग ओळखणाऱ्या शंकू पेशींत. लेन्स प्रकाशाच्या काही लहरी अडवून दोन डोळ्यांच्या चित्रांत फरक पाडते, तेवढंच, दोष जात नाही. पण भार पडतो कॉर्नियावर. डोळ्याच्या पुढचा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा हा पारदर्शक भाग, त्याला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, प्राणवायू मुख्यतः हवेतूनच अश्रूंवाटे घेतो. लेन्सने तो अडला की कॉर्निया पाणी धरतो, सुजतो, म्हणून ती वलयं. फार दिवस उपाशी राहिला की कडेच्या रक्तवाहिन्या आत वाढू लागतात. माझा सगळा राग रंगावर होता. तुम्ही म्हणालात, रंगापेक्षा लेन्स कशाची आहे, किती जाड आहे आणि किती तास डोळ्यात राहते ते बघा. १९७१ साली आलेली या प्रकारची पहिली लाल लेन्सही कडक प्लास्टिकची होती, त्यातून प्राणवायू जवळजवळ जातच नसे. रंग लेन्सच्या पृष्ठभागावर असेल तर खरखरीतपणाचा त्रास वेगळा, हेही तुम्हीच सांगितलंत. नळाच्या पाण्यावरून मात्र चांगलेच रागावलात. त्यातल्या अकँथामिबा नावाच्या सूक्ष्मजीवाने कॉर्निया कायमचा डागाळू शकतो म्हणे.

मला वाटलं होतं, आता लेन्स बंद. काही आठवडे बंद ठेवलीतही. पण नंतर प्राणवायू नीट जाऊ देणाऱ्या मटेरियलची नवी करून दिलीत, ठरावीक तासांसाठी. रात्री गाडी चालवताना नको, कारण अंधारात ती उरलासुरला उजेडही खाते. माझी हौस तुम्हाला मूर्खपणाची वाटली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

परवाच्या फोटोत त्या रेघा बऱ्याच पुसट झाल्या होत्या. रक्तवाहिन्यांच्या नळ्या तशाच राहतात, फक्त रिकाम्या, आणि पुन्हा हेळसांड केली तर त्या लगेच भरतील, असं तुम्ही बजावलंत. पुढच्या वेळी लेन्सची डबीही दाखवायला आणतो. नवी घेतली आहे.

आपला कृतज्ञ,
उजव्या डोळ्यात लाल लेन्सवाला पेशंट