‘ॲलर्जी नाही’ लिहिण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

32 वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. केसपेपरवरच्या एका लहानशा रकान्याविषयी लिहायचे आहे. ‘ॲलर्जी’ असे छापलेले असते आणि पुढे बहुतेक वेळा ‘नाही’ लिहिलेले असते. हे ‘नाही’ कसे लिहिले जाते ते मला चांगले ठाऊक आहे, कारण सुरुवातीची सहा वर्षे मीही ते तसेच लिहीत होते.

सहाव्या वर्षीची एक रात्रपाळी. पन्नाशीच्या एक काकू पायाच्या जंतुसंसर्गासाठी दाखल झाल्या. पोटरी लाल, गरम, टम्म सुजलेली. मी विचारले, ‘‘कशाची ॲलर्जी आहे का?’’ त्या ‘‘नाही’’ म्हणाल्या. मी लिहिले आणि पुढच्या रकान्याकडे वळले. डॉक्टरांनी सांगितलेले पेनिसिलिन गटातले औषध सलाईनमधून सुरू केले. चार-पाच मिनिटांत त्यांचे तळहात खाजू लागले, आवाज घोगरा झाला. मग माझे मनगट घट्ट धरून त्या म्हणाल्या, ‘‘सिस्टर, मला काहीतरी होतंय. मी वाचत नाही आता.’’

रुग्ण असे म्हणाला तर ती भीती समजून धीर देत बसू नये, हे मी नंतरच्या प्रत्येक विद्यार्थिनीला सांगत आले. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीत, रक्तदाब कोसळण्याआधी रुग्णाला अनेकदा हे आतूनच जाणवते. औषध बंद केले, हाक मारली, काकूंना आडवे करून पाय उंच केले. त्यांना उठून संडासला जायचे होते, मी उठू दिले नाही. अशा वेळी एकदम उभे राहिले तर हृदयाकडे परतणारे रक्तच कमी पडते आणि माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. अर्धा मिलिलिटर ॲड्रेनॅलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिले, पाच मिनिटांनी पुन्हा तेवढेच. दुसऱ्या डोसनंतर नाडी हाताला नीट लागू लागली. बाकीची इंजेक्शने मागाहून दिली. श्वास आणि रक्तदाब सावरतो तो ॲड्रेनॅलिनने. सकाळपर्यंत मी त्यांच्या खाटेपासून फारशी लांब गेले नाही, कारण ही रिॲक्शन काही तासांनी औषध न देताही उलटू शकते.

दुसऱ्या दिवशी मी वेगळ्या शब्दांत विचारले. ‘‘काकू, पूर्वी कधी गोळ्या घेतल्यावर अंगावर पित्त उठलं होतं का?’’ ‘‘हो की. दाढ काढली तेव्हा कॅप्सूल दिल्या होत्या. ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. पण ते पित्त होतं ना?’’

त्यांच्या लेखी ॲलर्जी म्हणजे शिंका आणि सर्दी. चूक माझ्या प्रश्नात होती. त्यानंतर मी असे विचारू लागले: कोणतं औषध सोसत नाही? कशाने अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, दम लागला, कातडी सोलली, तोंड आलं? गोळी घेतल्यावर किती वेळाने? मग काय करावं लागलं? याला तीन-चार मिनिटे लागतात. आपल्या भाषेत ‘वावडे’ असा नेमका शब्द आहे, तो वापरला की वयस्कर माणसे भराभर आठवून सांगतात.

‘‘हे मी आधी घेतलंय, काही झालं नव्हतं,’’ असे अनेक जण सांगतात. त्यावर विसंबता येत नाही. 1902 मध्ये पोर्टिए आणि रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी कुत्र्यांना समुद्रफुलाचे (सी ॲनिमोन या सागरी प्राण्याचे) विष टोचले होते. पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या मात्रेने मेला. शरीर पहिल्या भेटीत ओळख करून घेते, उसळते नंतर. टेस्ट डोसला काही झाले नाही म्हणूनही विचारपूस टाळू नये.

उलट बाजूही मी पाहिली आहे, आणि तिच्याकडे फारच कमी लक्ष जाते. ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असा शिक्का लहानपणी बसतो आणि जन्मभर राहतो. खोदून विचारले तर कळते की तेव्हा जुलाब झाले होते, किंवा विषाणूच्या तापातच अंगावर पुरळ आले होते. जिथे मोजदाद झाली आहे तिथे साधारण 10 टक्के रुग्णांच्या कागदावर हा शिक्का आढळतो आणि नीट तपासणी केल्यावर त्यांतल्या 90 टक्क्यांहून अधिक जणांना पेनिसिलिन सोसते. ही तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी, घरी गोळी घेऊन पाहू नये. ज्यांची कातडी सोलली किंवा तोंडात-डोळ्यांत फोड आले, त्यांनी तर ते औषध पुन्हा घेऊच नये.

हा शिक्का सर्वांत महाग पडतो तो प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला. केमोथेरपीनंतर न्यूट्रोफिल पेशी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या की संसर्ग होऊनही पू होत नाही, लाली येत नाही. 38 अंश सेल्सिअसचा ताप हीच काय ती खूण. स्टेरॉइड चालू असेल तर तोही दबतो. अशा वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस तासाभरात जायला हवा आणि पहिल्या पसंतीचे औषध बहुधा पेनिसिलिनच्याच कुळातले असते. मध्यरात्री कागदावर नुसते ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ एवढेच असेल, तर काय झाले होते, कधी झाले होते हे विचारायला नातेवाइकांना उठवावे लागते. मी अशी वीस मिनिटे गमावली आहेत. त्या तासातली वीस मिनिटे.

म्हणून माझी रुग्णालयांना विनंती आहे की या रकान्यात एका शब्दाऐवजी औषधाचे नाव, साल, नेमके काय झाले आणि काय उपचार लागले, एवढी जागा छापावी. तो परिचारिकेनेच भरावा आणि त्यासाठी तिला वेळ द्यावा. एकीकडे तीस-तीस रुग्ण द्यायचे आणि दुसरीकडे नीट विचारले नाही म्हणून तिलाच दोष द्यायचा, हे मला फार लागते. शिवाय ॲनाफिलॅक्सिसची लक्षणे दिसताच डॉक्टर येईपर्यंत न थांबता ॲड्रेनॅलिन देण्याची लेखी परवानगी प्रत्येक वॉर्डात हवी आणि ते इंजेक्शन कुलपात न ठेवता हाताशी हवे.

वाचकांनीही औषधाचे नाव, साल, काय झाले आणि काय उपचार लागले या चार गोष्टी आज एका कागदावर लिहून पाकिटात ठेवाव्यात. घरी जाताना त्या काकूंना मी असाच कागद लिहून दिला होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि मुलीलाही वाचायला लावला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका