झाड पाडलं, छप्पर आमचं गेलं

महोदय,

गेल्या आठवड्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराशेजारचा गुलमोहर पाडायला चौघे आले. दोघांकडे कुऱ्हाडी, एकाकडे दोर, चौथा नुसता ओरडायला. शेंडा न उतरवता थेट बुंध्यालाच हात घातला. बुंधा आतून पोकळ! अर्धा कापताच झाड फिरलं आणि रस्त्याऐवजी आमच्या स्वयंपाकघरावर आलं. मंगलोरी कौलं फुटली, आढं मोडलं, ओट्यावरच्या वरणात गुलमोहराच्या शेंगा. सौ. दोनच मिनिटं आधी देवघरात गेली होती, म्हणून निभावलं. ‘पवन फरी गयो, काका,’ म्हणजे वारा फिरला, एवढंच उत्तर मिळालं. वाऱ्यानं मात्र पानही हलत नव्हतं.

वस्तीतलं झाड वरून खाली, एकेक फांदी दोराला बांधून उतरवायचं असतं. गुलमोहराचं लाकूड तर ठिसूळ. त्यात बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक बसवायचे, मुळांना पाणी-हवा मिळू द्यायची नाही, आणि मग तेच झाड ‘धोकादायक’! आम्हाला दाखवलेल्या परवानगीच्या कागदावर झाडाची जात आहे, बुंध्याचा घेर आहे. शेजाऱ्याचं नुकसान कोण भरणार, याबद्दल चकार शब्द नाही. पावसाळा तोंडावर आलाय आणि आम्ही ताडपत्रीखाली स्वयंपाक करतोय.

– एक वाचक, वडोदरा