अवघड कामाला माणूस लावा

लेस्टर (इंग्लंड), दि. १४ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादा व सौ. वहिनी यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेल्या आठवड्यात वहिनींशी बोलताना कळले की, गेल्या साली कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायला तुम्ही स्वतःच आइनाच्या झाडावर चढला होतात आणि यंदाही दिवाळीनंतर चढायचा तुमचा विचार आहे. ते ऐकल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. फोनवर हा विषय काढला असता तर तुम्ही तो टाळला असता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी धाकटी, तुम्हाला शिकवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु याच बाबतीत मी स्वतः पाच वर्षे हट्ट धरून बसले होते.

आमच्या घरामागची बाग तुम्ही पाहिली आहे. आपल्याकडे मेंदीचे असते तसे तिला प्रिव्हेटचे कुंपण आहे. ते गेल्या ऑक्टोबरात छाटताना घडीच्या शिडीचा एक पाय भिजलेल्या चिकणमातीत रुतला, शिडी कलली आणि मी सफरचंदाची फांदी धरून लोंबकळले. मनगट मुरगळण्यावर निभावले. यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तेव्हा दोनच महिने झाले होते. मी खाली पडले असते तर मला हात द्यायला त्यांना वाकतासुद्धा आले नसते. माणूस लावणे म्हणजे बाग हातची जाणे, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. अप्पांनी शेवटपर्यंत माडांची आळी स्वतः केली, हे आपण दोघांनी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तेच मनात घर करून बसले होते. पण त्या शेवटच्या वर्षांत अप्पांची कंबर किती दुखत असे, हे मला त्या शिडीनंतर आठवले.

पहिला माणूस निवडताना मी चुकले. दारावर येऊन त्याने स्वस्तात काम करतो म्हणून सांगितले, रोख पैसे घेतले आणि छाटलेला पाला गाडीत भरून नेला. नंतर शेजारीण म्हणाली की, असा कचरा नेणाऱ्याची सरकारी नोंदणी असावी लागते, ती ऑनलाइन तपासता येते, आणि त्याने तो रस्त्याच्या कडेला टाकला व आपण नोंदणी तपासलेली नसली तर घरमालकालाही दंड होऊ शकतो. आता मी नोंदणी पाहते, विमा आहे का विचारते, काम आणि पैसे दोन्ही लिहून घेते आणि आगाऊ रक्कम देत नाही.

दुसरा माळी शेजारणीकडे बारा वर्षे येणारा आहे. जूनमध्ये मी त्याला कुंपण छाटायला बोलावले, तर त्याने यंत्र सुरू करण्याआधी हाताने फांद्या बाजूला केल्या आणि मला जवळ बोलावून आत दाखवले. ब्लॅकबर्डचे घरटे होते, त्यात निळसर हिरव्या रंगाची, तपकिरी ठिपक्यांची चार अंडी. वापरात असलेले घरटे मोडणे इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, म्हणून साधारणपणे मार्च ते ऑगस्ट कुंपणे छाटत नाहीत. घाई मीच केली होती. सप्टेंबरमध्ये येतो म्हणून तो गेला आणि खरोखरच आला. त्या दिवशी त्याच्याविषयी माझा विश्वास बसला.

मागच्या सिकॅमोरच्या झाडाची वाळकी फांदी मात्र माळ्याचे काम नव्हते. त्यासाठी झाडे तोडण्याचे रीतसर शिक्षण घेतलेली माणसे आणावी लागतात, आणि झाडाला संरक्षण आहे का, हे आधी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, विचारावे लागते. दोघे आले, एक दोर, पट्टा आणि हेल्मेट घालून वर चढला, दुसरा खाली उभा राहिला. त्यांनी प्रत्येक तुकडा कापण्याआधी दोराने बांधला आणि सावकाश खाली सोडला, तेव्हा खालची एक कुंडीही हलली नाही. फांद्यांचा भुसा मी मागून घेतला. आता तो गुलाबांच्या मुळाशी पसरला आहे.

आता माळी महिन्यातून दोनदा, दोन-दोन तास येतो. खणणे, गवत कापणे, खताची जड पोती वाहणे आणि शिडीचे प्रत्येक काम त्याचे. पेरणी, पाणी, गुलाबांची छाटणी, वालाला आधार देणे आणि मेथी-कोथिंबिरीच्या कुंड्या माझ्याकडे. कुठे काय लावायचे ते मी ठरवते. बागेत पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसते आहे, हे तुम्हाला मुद्दाम कळवते.

दादा, आपल्याकडे माणसे मिळत नाहीत, पोरे मुंबईला गेली, हे मला ठाऊक आहे. पण आज सांगून उद्या गडी मिळणार नाही, म्हणूनच दिवाळीआधी बोलून ठेवावे. कवळ, तण काढायची बेणणी आणि नारळ पाडणे अशी वर्षाची तीन कामे एकालाच ठरवून दिली, मजुरी आधी ठरवली आणि दोन वेळचे जेवण घरी घातले, तर शेजारच्या वाडीतला एखादा तरी नक्की टिकेल. कोणत्या फांदीला कोयती लावायची आणि कोणती राखायची, हे झाडाखाली खुर्ची टाकून तुम्हीच सांगा. तुमच्याइतके ते झाड कोणालाच ठाऊक नाही. या वर्षीची मजुरी मी पाठवणार आहे. अप्पांच्या वाडीत माझाही जीव आहे, तेव्हा कृपया नाही म्हणू नका.

वहिनी, दादा आइनाकडे कोयती घेऊन निघाले की मला लगेच फोन करा, इथे मध्यरात्र असली तरी चालेल. गडी कोण ठरला, ते मात्र दादांनी स्वतः लिहून कळवावे.

आपली धाकटी बहीण