मालवणच्या समुद्रावर पहिला हक्क रापणवाल्यांचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जोडून सुट्टी आली की अर्धं पुणं तारकर्ली-मालवणला निघतं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करतं, फोटो टाकतं, पण ज्या पाण्यात आपण उतरतो ते १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे किती जणांना माहितीये? साधारण २९ चौरस किलोमीटर, त्यातला तीनेक चौरस किलोमीटर गाभा, किल्ल्याशेजारचं पद्मगड बेट त्यातच येतं. आपल्याला तिथे पॅकेज घेऊन सहज जाता येतं, आणि पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यावर जगणाऱ्या मच्छीमारांच्या मनात मात्र आपल्याला कधी हाकलतील ही धाकधूक, हे मला अजिबात पटत नाही.

रापण कधी बघितलीय का? होडी फार लांब जातच नाही, किनाऱ्यालगत जाळ्याचा वळसा टाकून परत येते, मग दोन्हीकडचे दोर धरून बायामाणसं सगळी मिळून ओढतात आणि मासळीचे वाटे पडतात, जो ओढायला आला त्याला वाटा. यांनी समुद्र संपवला का? समुद्र खरवडतायत ते पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या यांत्रिक बोटीतून प्रचंड जाळं टाकून मासळीचा अख्खा थवा घेरणारे, आणि रात्री एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासे गोळा करणारे. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी पारंपरिक मच्छीमारांना त्यासाठी पुन्हा पुन्हा आंदोलनं करावी लागतायत.

आणि कायदा त्यांच्या विरोधात आहे असंही नाही बरं का. वन्यजीव कायद्यात १९९१ साली जी दुरुस्ती झाली त्यात स्पष्ट लिहिलंय की समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायची पुरेशी व्यवस्था आधी करायची. मालवणचं अभयारण्य त्याच्या आधीचं, म्हणून काय तिथल्या लोकांना हे लागू करायचं नाही?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाला कसं जमलं बघा. तिथे २००२ पासून कासवांची अंडी गावकऱ्यांच्याच मदतीने राखली जातात, बघायला येणारे त्यांच्याच घरात राहतात, जेवतात, चार पैसे गावात राहतात. कासव वाचतं आणि गावालाही कोणी बाहेर काढत नाही.

किनाऱ्याचंही तेच, रिसॉर्टचं कुंपण पडलं की जाळी वाळवायची जागा आणि पाण्यापर्यंतची पायवाट दोन्ही जातात. समुद्रकिनारा सगळ्यांचा, सरकार फक्त विश्वस्त, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच सांगितलंय.

माझं म्हणणं एवढंच, वनखात्याने रापण संघांना समोर बसवून त्यांचे हक्क लेखी द्यावेत, हद्द कुठून कुठे ते बंदरावर मराठीत नकाशा लावून दाखवावं, आणि आमच्यासारख्या पर्यटकांच्या बोटी किती जाणार, नांगर कुठे टाकणार याला आधी मर्यादा घालावी. प्रवाळावर नांगर पडतो, पोहायला न येणारे त्याच्यावरच उभे राहतात, ते आधी थांबवा. त्यासाठी फी वाढली तर आम्ही पुणेकर खुशाल देऊ, फक्त ती मच्छीमारांच्या वस्तीपर्यंत पोचू दे.

आपला,
एक नियमित वाचक, कोथरूड, पुणे