फोंताइन्हासच्या घरांना रंगाआधी चुना द्या

मा. संपादक,
स. न.

पणजीच्या फोंताइन्हास या पोर्तुगीजकालीन वस्तीतल्या एखाद्या घराची दुरुस्ती निघाली की चर्चा रंगावरून सुरू होते आणि बहुधा रंगावरच संपते. पिवळा भडक झाला का, खिडकीभोवतीची पांढरी पट्टी राखली का, सज्जाचा लोखंडी कठडा तोच आहे का. पोर्तुगीज अमलात पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला होता म्हणून ही घरे रंगीत, ही गोष्ट पर्यटकांना सांगता सांगता आपणही रंगातच अडकून पडलो. या घरांना खरा धोका आहे तो रंगाखालच्या सिमेंटचा, छपराच्या जागी टाकलेल्या स्लॅबचा आणि मागच्या भिंतीला चिकटवलेल्या संडास-न्हाणीचा. अशा संवर्धन क्षेत्रात बांधकामाची परवानगी देताना प्राधिकरणाने या तिन्हींचा तपशील नकाशावर मागावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी भिंत. ही घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, चुन्यात बांधलेली. आल्तिनोच्या टेकडीतून झिरपणारे पाणी त्यांच्या जोत्याखालून ओरेम खाडीकडे जाते आणि खाडीत भरतीचे खारे पाणी येते. चिरा सच्छिद्र असल्याने ओल वर चढणारच. चुन्याचा गिलावा असला की ती गुडघ्याएवढी चढून बाहेरच्या बाहेर सुकून जाते. सिमेंटचा गिलावा ही वाट बंद करतो, मग ओल कमरेच्याही वर जाते आणि बरोबर नेलेले क्षार गिलाव्याच्या पाठीमागे साठवते. सुकताना त्यांचे स्फटिक होतात, फुगतात, चिऱ्याचे कण सुटे करतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहा, आवाज पोकळ येईल. तो पापुद्रा काढला की त्याच्या पाठीला चिऱ्याची लाल साल चिकटून येते आणि खाली मूठभर भुकटी पडते. मालकाला वाटते सिमेंट कमी पडले, म्हणून पुढच्या वेळी माल आणखी कडक आणि वर जलरोधक रसायन. भिंत प्रत्येक फेरीत थोडी बारीक होत जाते.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाईची नाही. सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर हातभर जाईपर्यंत छिन्नी-हातोडीने काढावा. ब्रेकर लावू नये, त्याने चिरेच हलतात. उघडी भिंत काही आठवडे तशीच वाऱ्यावर ठेवावी. वर आलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून फेकावा. भिंत धुतली तर क्षार पुन्हा आत मुरतात, आणि नेमके हेच सगळीकडे केले जाते. मग चिऱ्यांमधल्या दरजा इंचभर खोल खरवडून चुन्याने भराव्यात. विरवलेला चुना किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरलेला हवा, तीन महिने मिळाले तर उत्तम. मापाने एक भाग चुना, तीन भाग चाळलेली गोड्या पाण्याची वाळू. वाळूचा थोडा भाग कमी करून चांगल्या भाजलेल्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी घातली तर आपल्या दमट हवेत गिलावा लवकर धरतो. समुद्राची वाळू स्वस्त पडते, पण ती वापरणे म्हणजे लोणा पदरमोड करून विकत घेणे. गिलावा दोन-तीन थरांत, प्रत्येक थर फार तर 10 ते 12 मिलिमीटर, दोन थरांत किमान आठवड्याचे अंतर. मध्ये ओली गोणपाटे टांगावीत. चुना भरभर सुकला तर तडकतो, आणि उन्हात वाळवलेला चुना पक्का झाला असे समजणारे मिस्त्री आजही भेटतात.

वर चुन्याचीच सफेदी, पातळ, तीन-चार हात. रंगासाठी गेरू, पिवळी माती असे खनिज रंग, चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. त्याहून जास्त घातले की हाताला लागतात. हा रंग दर पावसाळ्यानंतर ताजा करावा लागतो म्हणून लोक प्लास्टिक इमल्शनकडे वळतात. पावसाळ्यानंतर घर रंगवायची इथली जुनी रीत याच रंगासाठी होती. इमल्शनचा पापुद्रा भिंतीचा श्वास सिमेंटइतकाच अडवतो, तेव्हा चुन्याचा गिलावा करून वर इमल्शन मारणे हा पैसे दोनदा घालवायचा मार्ग.

छपराचे गणित साधे आहे. मंगळुरी कौल एका चौरस मीटरला सुमारे पंधरा लागतात, एकेक अडीच किलोच्या आसपास. वासे-रिपा धरून छपराचा भार चौरस मीटरला साठ-सत्तर किलो. त्याजागी 125 मिलिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब टाकला तर नुसता स्लॅबच तीनशे किलोंच्या वर जातो, म्हणजे चौपटीहून अधिक. चिऱ्यांसाठीच्या भारतीय मानकात, आयएस 3620 मध्ये, किमान दाबशक्ती 3.5 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरली आहे, आणि भिजलेला चिरा कोरड्याहून कमजोर असतो. त्यात स्लॅब रोज उन्हाने लांबतो, रात्री आखडतो आणि भिंतीचा माथा बाहेर ढकलतो. स्लॅबच्या बरोबर खाली आडवी, सरळ रेषेत गेलेली भेग दिसली की तिचे कारण हेच. ती पुट्टीने भरली तरी पुढच्या मे महिन्यात परत येते.

कौलारू छपराला मोठा खर्च नको, वेळेवर शाकारणी हवी. कौले उतरवावीत, रिपांचे अंतर कौलाच्या मापाने (साधारण 32 सेंटिमीटर) तपासावे, उतार 25 अंशांच्या खाली जाऊ देऊ नये. वाशांची भिंतीत गेलेली टोके आधी पाहावीत, कूज तिथेच धरते. सुरीचे टोक सहज आत गेले तर कुजका भाग तेवढाच कापून त्याच जातीचे लाकूड तिरका सांधा करून बोल्टने जोडता येते. सांध्याची लांबी वाशाच्या उंचीच्या तिप्पट ठेवावी. अख्खे छप्पर बदलायचे कारण नसते. आढ्यावरची कौले सिमेंटात गच्च बसवू नयेत, सिमेंट तडकते आणि पाणी त्या फटीतून थेट आढ्याच्या लाकडावर उतरते. मंगळुरात बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली कौलांचा कारखाना काढला. आज तशी जुनी छापाची कौले मोडीत निघतात, ती फुकट घालवू नयेत. नव्या कौलांचे खाचे त्यांच्याशी जुळतीलच असे नाही, म्हणून जुनी एका उतारावर आणि नवी दुसऱ्यावर असे भाग करावेत.

आता वाढीव बांधकाम, कारण खरा दबाव इथे आहे. घराचे गेस्ट हाऊस झाले की खोलीगणिक न्हाणीघर लागते. ते जुन्या माळ्यावर, लाकडी तुळयांवर काढले जाते, नळ्यांसाठी चिऱ्यांत खाचा मारल्या जातात, आणि गळती तुळईचे टोक कुजल्याखेरीज लक्षात येत नाही. न्हाणी मागच्या बाजूला, स्वतंत्र पायावर, एकाच उभ्या ओळीत घ्यावी. जुन्या भिंतीला टेकवू नये. दोन्हींत 25 ते 50 मिलिमीटरचा सांधा मोकळा सोडून वरून पत्र्याची झडप द्यावी. नवे बांधकाम पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडे बसतेच, जुने केव्हाच बसून गेलेले असते. दोघांना एकत्र बांधले की भेग जुन्याच्या अंगावर पडते. नवा पाया जुन्या पायाच्या तळापेक्षा खोल नेऊ नये. न्यावाच लागला तर चर मीटर-मीटरच्या तुकड्यांत, एक सोडून एक असा खणावा. संपूर्ण चर एकदम खणून रात्रीत पाऊस आला तर काय होते हे सांगायला अभियंता लागत नाही. नळ्या भिंतीबाहेर ब्रॅकेटवर दिसल्या तर दिसू द्याव्यात, गळती लगेच कळते.

अंगणातही एक चूक सर्रास होते. पेव्हर किंवा डांबर थेट जोत्याला भिडवले जाते, रस्त्याची पातळी दर थराने वाढते, जोत्याची हवेची भोके बुजतात. भिंतीलगत फूटभर खडीचा पट्टा सोडला तरी बरीचशी ओल तिथूनच वाट काढते. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेल्या शिंपल्यांच्या तावदानांकडेही असेच दुर्लक्ष होते: त्या पातळ शिंपलीला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, म्हणून खिडकी बदलताना जुनी तावदाने जपून काढावीत आणि त्याच घरात वापरावीत.

एक तक्रार मालकांकडूनही ऐकू येते आणि ती खोटी नाही. वारस पणजीत, मुंबईत, लिस्बनमध्ये. समान वाटणीच्या कायद्याने सह्या सगळ्यांच्या लागतात, तोवर एक फुटके कौल चार पावसाळे भिजत राहते. कौले बदलणे, वाशाचे टोक जोडणे, चुन्याचा गिलावा अशा जशास तशा दुरुस्तीसाठी राहणाऱ्या एका वारसाचा अर्ज आणि फोटो एवढ्यावर काम व्हावे. स्लॅब, नवा मजला, नवा पाया यांच्यासाठी मात्र नियोजन व विकास प्राधिकरणाने आणि संवर्धन समितीने छेदचित्रे, भिंतीच्या साहित्याचा उल्लेख आणि सांध्याचा तपशील यांशिवाय फाईल पुढे सरकवू नये.

आणि निर्णयाची वेळ. चुन्याचे काम नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात नीट होते. परवानगी एप्रिलअखेर हातात पडली तर मालक पावसाच्या धास्तीने सिमेंटची पोतीच आणतो. दुरुस्तीच्या अर्जांचा निकाल दिवाळीपूर्वी लागेल असे वेळापत्रक प्राधिकरणाने जाहीर करावे.

आपला,
जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीतला एक वाचक, पणजी