७६२ या आकड्याशेजारी मंडळाचाही वाटा लिहा

माननीय श्री. रॉब मॅन्फ्रेड,
आयुक्त, मेजर लीग बेसबॉल यांस,
स. न. वि. वि.

७ ऑगस्ट २००७ च्या रात्री मी सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात होतो. बॅरी बाँड्सनं कारकिर्दीतला ७५६ वा होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणारा फटका) मारून हँक अ‍ॅरनचा ७५५ चा विक्रम मोडला, फटाके उडाले आणि मोठ्या पडद्यावर स्वतः अ‍ॅरन दिसले. पुढे बाँड्स ७६२ वर थांबला. आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं, शांत शब्दांतलं अभिनंदन. शेजारचे वयस्कर गृहस्थ टाळ्या वाजवता वाजवता थांबले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पडदा काळा होईपर्यंत तसेच बसून राहिले. तेव्हाचे आयुक्त बड सेलिग त्या रात्री मैदानात नव्हते.

अ‍ॅरननी १९७४ मध्ये बेब रूथचा ७१४ होम रनचा विक्रम ओलांडला, तेव्हा काळा माणूस म्हणून त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या. तेवीस मोसमांत एकदाही पन्नास होम रन नाहीत. थेंबे थेंबे तळे साचावं तसे ७५५. म्हणून त्या गृहस्थांची टोपी मला अजून आठवते.

बाँड्सनं स्टेरॉइड, म्हणजे ताकद वाढवणारी औषधं, घेतल्याचा संशय खोटा आहे, असं मी म्हणत नाही. पण हा संशय पिकला कुणाच्या शेतात? स्टेरॉइडना बंदी असल्याचं परिपत्रक आयुक्त कार्यालयानं १९९१ मध्येच काढलं होतं. तपासणी सुरू झाली २००३ मध्ये, तीही नावं गुप्त ठेवून. शिक्षा २००४ पासून. खेळाडूंची संघटना आडवी येत होती, हे खरंच. पण खेळाडूंच्या १९९४ च्या संपानं रुसलेला प्रेक्षक १९९८ च्या मोसमात मॅग्वायरचे ७० आणि सोसाचे ६६ होम रन बघायला परतला, तेव्हा गल्ला मोजणाऱ्यांपैकी कुणी शंका काढली? आपल्या मंडळानंच नेमलेल्या चौकशीच्या मिचेल अहवालानंही २००७ मध्ये आयुक्त, संघांचे अधिकारी, संघटना आणि खेळाडू या सगळ्यांनाच जबाबदार धरलं होतं.

पुढे काय झालं? २०१७ मध्ये सेलिग सन्मानानं हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या मानाच्या दालनात, गेले. बाँड्सना २०२२ मध्ये पत्रकारांच्या शेवटच्या मतदानात ६६ टक्के मतं पडली. हवी होती ७५. त्या ७५६ व्या चेंडूवर तर लिलावात तो घेणाऱ्यानं जनमत घेऊन तारांकन (*, विक्रम संशयास्पद असल्याची खूण) उमटवलं आणि तसाच तो कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमला दिला. सगळा डाग एकट्याच्या माथी.

साहेब, शनिवारी इथल्या मुलांच्या सामन्यांचा स्कोअर मी लिहितो. वहीत खाडाखोड झाली, तर शेजारी माझी सही करतो. हॉल ऑफ फेमचं मतदान आपल्या हातात नाही, हे मी जाणतो. अधिकृत नोंदी मात्र आपल्याच आहेत. ७६२ पुसू नका, त्यावर तारांकनही नको. त्याशेजारी एवढंच लिहा: बंदी कधी आली, तपासणी कधी सुरू झाली आणि मधली बारा वर्षं मंडळानं काय केलं. खाली आयुक्तांची सही.

२०२५ मध्ये आपण दिवंगत खेळाडूंवरची कायमची बंदी उठवलीत. म्हणजे मनात आणलं तर होतं. आपली मुदत जानेवारी २०२९ मध्ये संपते. त्याआधी हे करा, ही कळकळीची विनंती.

आपला,
फ्रीमाँट, कॅलिफोर्नियाचा एक मराठी प्रेक्षक