भोवरा म्हणजे टक्कल नव्हे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहापुरात गेली सत्तावीस वर्षं माझं सलून आहे. सैन्यभरतीची तयारी करणारी येळ्ळूर, कंग्राळीकडची पोरं माझ्याकडे डोकं बारीक करायला येतात. मशीन फिरली की टाळूवरचा भोवरा उघडा पडतो आणि हल्ली बऱ्याच पोरांचा चेहरा तिथंच उतरतो.

गेल्या महिन्यात एकोणीस वर्षांच्या एकानं मोबाईलवर स्वतःच्या टाळूचा फोटो दाखवला. “काका, हितं टक्कल पडायलंय काय ओ?” फोटो आंघोळीनंतर, ट्यूबलाईटखाली काढलेला. ओल्या केसांत वरून उजेड पडला तर कुणाचीही टाळू चमकणारच. पण आधीच्या एका सलूनवाल्यानं त्याला भीती घालून दीड हजारांचं तेल गळ्यात मारलं होतं. वडील गवंडीकाम करतात. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

भोवऱ्यात केस गोल फिरत उगवतात, बहुतेकांचे घड्याळाच्या काट्यांसारखे. त्यामुळे मधे कातडी दिसतेच. काहींना दोन भोवरे असतात. दोन भोवरे म्हणजे दोन बायका, असं आपल्याकडे म्हणतात, पण टकलाशी त्याचा काही संबंध नाही. मी त्या पोराचे मानेवरचे चार केस आणि भोवऱ्यातले चार केस चिमटीत धरून आरशात दाखवले. दोन्ही सारखेच राठ होते. टक्कल सुरू झालं असतं तर भोवऱ्यातले केस मऊ, आखूड, लव असल्यासारखे लागले असते आणि तो गोल महिन्यागणिक पसरत गेला असता. पाहायची ती केसाची जाडी.

कपाळाचंही तसंच. सतरा-अठराव्या वर्षापासून तिशीच्या आतबाहेर मुलाची केसांची कड थोडी मागे सरकते, पोरवयाची गोल कड जाऊन बाप्याची होते. भुवया वर उचलल्या की जी सगळ्यात वरची आठी पडते, तिच्यावर साधारण एका बोटाच्या रुंदीएवढी जागा असेल आणि कड तिथंच थांबलेली असेल, तर काळजी नको. दोन्ही कोपरे आत आत जात असतील, तर मात्र ते वेगळं. कंगव्यात केस दिसले म्हणूनही घाबरू नये. दिवसाला 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच. टायफॉईड, डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात, तेही बहुतेकदा परत येतात.

पण “काही नाही रे” म्हणणंही धोक्याचं आहे, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला मी दोन वर्षं “भोवराच आहे” असं सांगत राहिलो. बोटाला केस मऊ लागत होते, तरी मी मनावर घेतलं नाही. तो त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला तोवर टाळू बरीच मोकळी झाली होती. डॉक्टर मिनॉक्सिडिलसारखी औषधं देतात, पण ती मुख्यतः आहेत ते केस राखायला. मूळच सुकून गेलं की त्यातून केस काढणं त्यांच्या हातात राहत नाही. त्या गिऱ्हाइकाची ती दोन वर्षं मी घालवली, हे मी विसरलेलो नाही. रुपयाएवढी गुळगुळीत चाई अचानक दिसली, तरीही थेट डॉक्टरांकडेच पाठवावं.

माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून विनंती आहे. टाळू सगळ्यांत आधी आपल्यालाच दिसते. शंका आली तर खरं सांगा, डॉक्टरांकडे पाठवा, पण भीती घालून बाटल्या विकू नका. येळ्ळूरच्या त्या पोराचा फोटो मी कोरड्या केसांवर, दारातल्या उजेडात काढून ठेवलाय. तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात दुसरा काढायचा, असं आमचं ठरलंय.

आपला,
एक सलून व्यावसायिक,
शहापूर, बेळगाव